काठाला काठ

आईच्या बोटांबद्दल लाँड्रीच्या डॉक्टरांचं मत पक्कं होतं : वजन कमी करा. हेच मत त्यांचं तिच्या गुडघ्यांबद्दल होतं, कमरेबद्दलही होतं, आणि मागे एकदा तिच्या कानात किडा शिरला तेव्हासुद्धा त्यांनी आधी तिला वजनकाट्यावर उभं केलं होतं. किडा निघाला. वजनाचा आकडा मात्र कागदावर कायमचा बसला. स्वतः डॉक्टरांचा घेर काही कमी नव्हता आणि त्यांचीही पाठ दुखायची, पण ती खुर्चीमुळे.

"मी काय हातांवर चालते का हो?" आईनं त्यांना विचारलं होतं. बोटांची पेरं सुजून आखडायची, सकाळी वेणी घालताना कंगवा हातातून सुटायचा, आणि बोटांवर तर कुणाचंच वजन पडत नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. डॉक्टरांनी प्रश्नाचा नीट विचार केला, आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दाखल्यावर लिहिलं : कारण – स्थूलपणा.

तो एक शब्द आईला कामावर मिळू शकणाऱ्या खुर्चीच्या आड आला.

आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत घडी विभागात होती. सोळा वर्षं. घडी विभागात माणूस बसत नाही, उभा राहतो. गरम रोलरमधून चादर सपाट होऊन बाहेर पडते, दोन बायका समोरासमोर उभ्या राहून तिचे चार कोपरे चिमटीत धरतात, काठाला काठ लावतात, एक झटका देतात, पुन्हा काठाला काठ, आणि घडी ढिगावर. पाळीत चारशे-साडेचारशे. काठ अर्ध्या बोटाएवढाही सरकलेला आईला खपत नसे. ती दुसऱ्याच्या घडीसुद्धा उकलून पुन्हा घालायची, आणि घरी आल्यावर वर्तमानपत्राच्या.

पाठ टेकता येईल अशी उंच खुर्ची मिळत असे, नाही असं नाही. नियमावलीत तशी सोय होती. दुखणं आजारामुळे किंवा कामामुळे असल्याचा दाखला आणायचा. 'स्वतःच्या सवयींमुळे' असेल तर खुर्ची नाही. सवयींची यादीही छापलेली होती आणि तिच्यात स्थूलपणा तंबाखूच्या खाली आणि अपुऱ्या झोपेच्या वर होता. फेरतपासणी वर्षातून एकदाच. यंदाची महिनाअखेरच्या शुक्रवारी होती.

म्हणजे आईच्या पुढच्या एका वर्षाचं बसणं किंवा उभं राहणं त्या शुक्रवारावर येऊन ठेपलं होतं, आणि शुक्रवारची सगळी भिस्त होती ठकीवर.

ठकी म्हणजे आईची मुलगी. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, विषय जीवरसायनशास्त्र. कागदोपत्री तिला चांगलं पाच अक्षरी नाव होतं, पण ते फक्त परीक्षेच्या हॉलतिकिटाला ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक छोटा संशोधन प्रकल्प करावा लागे. वर्गातल्या बाकीच्यांनी दही, बुरशी आणि साबण असे शांत स्वभावाचे विषय घेतले. ठकीनं घेतला 'स्थूलपणा आणि जुनाट वेदना : शरीरातले दुवे'. प्रयोगशाळेच्या मॅडमनी विषय दोनदा वाचला.

"घरचं दुखणं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"घरचं असलं की निष्कर्ष आधी तयार असतो आणि आकडे मागून येतात. सांभाळ."

मॅडम कमी बोलत. पस्तीस वर्षं परीक्षानळ्यांशी संगत केल्यावर माणूस तसा होतो.

ठकीनं वाचायला सुरुवात केली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की चरबी म्हणजे शरीराची अडगळीची खोली नव्हे. ते एक चांगलं चालतं कार्यालय आहे. चोवीस तास उघडं. तिथून रक्तात सारखी परिपत्रकं निघत असतात आणि त्यातली काही सूज वाढवा अशा आशयाची असतात. आग लागल्यासारखी मोठी सूज नाही. मंद, धुमसती, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी. ही परिपत्रकं वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंकडेही जातात आणि मग ते एवढ्यातेवढ्यावरून ओरडायला लागतात. म्हणजे गुडघा नुसत्या ओझ्यानं दुखतो असं नाही. ज्या बोटांवर काही ओझं नाही, तीही दुखू शकतात. शिवाय दुखलं की हालचाल कमी, हालचाल कमी की वजन जास्त, वजन जास्त की परिपत्रकं जास्त. "वजन कमी करा" हा सल्ला, थोडक्यात, विहिरीत पडलेल्याला "वर या" असं सांगण्याइतका अचूक होता.

हे तिनं आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक माझी नाही?"

"तेच तर शोधायचंय."

"शोध," आई म्हणाली. सोळा वर्षांत हा प्रश्न तिनं कधी कुणाला विचारला नव्हता. पुन्हाही विचारला नाही. पण सुरी जराशी थांबली होती, ते ठकीनं पाहिलं.

मग प्रकल्प ठरला. घडी विभागातल्या चौदा बायका. काही जाड, काही बारीक, काही मधल्या. प्रत्येकीची लेखी संमती, वजन, उंची, आणि रक्तात सुजेची खूण दाखवणारं एक प्रथिन. रक्त कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं काढलं. चौदाही जणी सुईकडे न बघता सिस्टरच्या ॲप्रनच्या घडीकडे बघत होत्या आणि नंतर त्यावर बोलल्या. शिवाय प्रत्येकीला सात कागद, रोज पाळी संपली की भरायचे : आज बोटं किती दुखली? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सहन न होण्याइतकी. त्या आकड्यावर पेन्सिलीनं गोल. बाहेरच्यांना रोज आत सोडत नसत, म्हणून कागद वाटायचं आणि गोळा करायचं काम आईकडे आलं. आईनं ते चादरींच्या शिस्तीनं केलं. आठव्या दिवशी तिनं ठकीच्या हातात अठ्ठ्याण्णव कागदांचा गठ्ठा ठेवला, कोपऱ्याला कोपरा लावून.

ठकीनं आकडे संगणकात घातले. आलेख काढला. मग आलेख बंद करून पुन्हा काढला.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "ही काय रेघ आहे?"

"वेदना."

"सगळ्यांची?"

"चौदा बायका, सात दिवस. अठ्ठ्याण्णव नोंदी. अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव पाच."

मॅडम बराच वेळ त्या सरळ रेघेकडे बघत राहिल्या. "एवढं एकमत मी आमच्या विभागाच्या बैठकीत चहा घ्यायचा का यावरसुद्धा पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "घरी जा आणि कागद कुणी भरले ते विचार."

ठकी घरी गेली. आई पलंगावर पाय वर करून बसली होती आणि उशीच्या अभ्र्याची घडी तिसऱ्यांदा घालत होती.

"आई, त्या कागदांना तू हात लावलास?"

"हात लावल्याशिवाय गोळा कसे करणार?"

"आकड्यांना?"

आईनं अभ्रा बाजूला ठेवला. तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. चांगलं काम उघडकीला आल्याचा थोडा संकोच होता.

"अगं, काय एकेकीनं लिहून ठेवलं होतं. एकीचे दोन, एकीचे आठ. ती काडी, फुंकर मारली तर उडेल, तिचे रोज आठ. आमची ठेंगणी एक दिवस तीन, दुसऱ्या दिवशी सात. काही ताळमेळ? म्हटलं, पोरीच्या कॉलेजात असं वेडंवाकडं गेलं तर मार्क कापतील. खोडरबर घेतलं आणि सगळे सारखे करून दिले."

"पाच का?"

"मधला ना. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

ठकी खाली जमिनीवर बसली. रडायला हवं असं तिला वाटलं, पण त्यालाही थोडी ताकद लागते आणि ती सकाळपासून दोन बस, चार प्रात्यक्षिकं आणि एका सरळ रेघेत संपली होती.

"आई, तो वेडेवाकडेपणाच तर मला हवा होता."

"मग आधी सांगायचं नाही?" आई म्हणाली. थोड्या वेळानं, जरा हळू : "फार बिघडलं का?"

"शुक्रवारला अकरा दिवस राहिलेत."

आईनं अभ्रा पुन्हा उचलला, काठाला काठ लावला आणि उकलला.

दुसऱ्या दिवशी ठकीनं कागद खिडकीशी तिरके धरून पाहिले. खोडरबर पेन्सिलीचं शिसं घेऊन जातं, पण गोलाचा वळ ठेवून जातं. आठाभोवती वळ होता, तीनाभोवती होता. बायकांनी जोर लावून गोल काढले होते. ती सगळे वळ लिहून काढायला बसणार होती, पण मॅडमनी गठ्ठा काढून घेतला.

"वळ वाचणं हे पोलिसांचं काम. आपण पुन्हा विचारायचं. यावेळी तू स्वतः."

"आणि आईचे कागद?"

"आईही चौदातली एक आहे. तिलाही विचार. आईसारखं नको, चौदातल्या एकीसारखं."

मॅडमनी लाँड्रीला कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र पाठवलं. सुपरवायझरनं ते वाचून रोज पाळीच्या शेवटची वीस मिनिटं मंजूर केली. ठकी सात दिवस सलग कॉलेज संपवून लाँड्रीत जाऊन उभी राहिली. बसायला तिथे काही नव्हतंच.

आत वाफ होती, धुण्याच्या पावडरीचा नाकात जाणारा वास होता आणि रोलरची घरघर होती, जिच्यावर आवाज चढवून बायका आपल्या सुनांबद्दल बोलत. ठकीनं आईला पहिल्यांदाच कामावर पाहिलं. आई आणि काडी समोरासमोर होत्या. चादर आली, कोपरे धरले, झटका. प्रत्येक झटक्याला आई खालचा ओठ दातांत धरे आणि सोडून देई. एका पाळीत चारशे वेळा. घरी हा ओठ ठकीनं कधी पाहिला नव्हता. तिनं वहीत टिपायचं ठरवलं आणि टिपलं नाही, कारण ओठाला रकाना नव्हता.

"या डॉक्टरीणबाई," काडी म्हणाली. "आज आठ. मागच्या खेपेला तुझ्या आईनं माझे आठ खाल्ले तसे आज खाऊ देऊ नकोस."

"तुम्ही इतक्या बारीक, तुमची का दुखतात?"

"मला विचारतेस? मला वाटलं, तू शिकतेस."

ठेंगणीनं तीन सांगितले, मग ठकी पुढे गेल्यावर मागून ओरडून सात केले, कारण मध्ये तिनं एक ओलं ब्लँकेट उचललं होतं. प्रत्येकीचा आकडा तिच्या स्वतःच्या चालीनं चालत होता. ठकी गोल करत गेली. शेवटी आई.

"किती?"

"पाच."

"आई."

"अगं, पाच म्हणतेय ना. लिही."

ठकीनं लिहिलं. दुसऱ्या दिवशीही पाच. तिसऱ्या दिवशी ठकीनं पेन्सिल खाली ठेवली आणि काही न बोलता समोर उभी राहिली. तिचे पाय दुखत होते, पाठ दुखत होती, कॉलेजातल्या दोन परीक्षांचा अभ्यास व्हायचा होता आणि तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. बहुधा त्यामुळेच काम झालं.

"नऊ," आई म्हणाली.

"आज?"

"रोजच. सकाळी आठ असतात, पाळी संपेपर्यंत नऊ."

"मग पाच का सांगतेस?"

आईनं ढिगाचा कोपरा सारखा केला. "नऊ सांगितले की वर एकच उरतो. पुढे वाढलं तर काय सांगू? थोडी जागा ठेवलेली बरी."

ठकीनं नऊभोवती गोल काढला. पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा काडीनं आपल्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून दिली.

आठवडा संपला. नवा आलेख आला. त्यात सरळ रेघ औषधालाही नव्हती. जाड बायकांच्या रक्तात सुजेची खूण साधारण जास्त होती आणि त्यांची बोटंही साधारण जास्त दुखत होती. मधेच काडीचा ठिपका होता, सगळ्यांपासून लांब, डाव्या कोपऱ्यात वर. बारीक माणूस, रक्तात काही नाही, वेदना आठ. ठकीनं त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून पाहिला. अंगठ्याखाली आलेख फार सुंदर दिसत होता.

"अंगठा काढ," मॅडम म्हणाल्या. "चौदा बायकांवरून सिद्ध काही होत नाही. सूचित होतं. आणि सगळ्या जणी दिवसभर चिमटीत चादर धरतात, मग बोटं चरबीमुळे दुखतात की चादरीमुळे की दोन्हींमुळे, हे तुला वेगळं काढता येतं का?"

"नाही."

"मग तसंच लिही."

ठकीनं चार पानं लिहिली. त्यांत 'कदाचित' हा शब्द अकरा वेळा आला होता. तिनं आयुष्यात इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी काही लिहिलं नव्हतं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी ती आईबरोबर डॉक्टरांपुढे बसली. बसली म्हणजे आई बसली; तिथे रुग्णाला खुर्ची असते. डॉक्टरांनी चार पानं शेवटापासून सुरुवातीकडे वाचली.

"म्हणजे वजनामुळेच ना?"

"वजनाच्या भारामुळे नसावं. बोटांवर भार येत नाही. चरबीतून काही द्रव्यं निघतात, सूज वाढवणारी. त्यामुळे असू शकेल."

"म्हणजे आजार म्हणायचा?" डॉक्टरांनी पेन उचललं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना एक शब्द हवा होता आणि पुढचा माणूस बाहेर थांबला होता. "आजार लिहू?"

आईनं ठकीकडे पाहिलं. हो म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. ठकीला ओठ आठवला, तो दातांत धरलेला. मग काडीचा ठिपका आठवला आणि ठिपक्यावरचा अंगठा. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. खोटं बोलायलाही ते नीट लक्षात ठेवावं लागतं.

"कामामुळेही असेल," ती म्हणाली. "दोन्हींमुळे असेल. एक बारीक बाई आहे, तिचीही दुखतात. नक्की सांगता येत नाही."

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टरांनी म्हटलं. हे वाक्य त्यांच्या तोंडात नवं होतं. त्यांनी ते जरा घोळवून पाहिलं. "मग स्थूलपणा तरी नक्की कसा लिहायचा? तुमच्या मॅडमची सही आहे यावर. उद्या कुणी विचारलं तर?" त्यांनी उसासा टाकला आणि रकान्यात लिहिलं : कारण – अनिश्चित.

दोघी बसनं घरी आल्या. आईला जागा मिळाली, ठकी उभी होती.

"मी आजार म्हणायला हवं होतं," ठकी म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघत होती. "चूक माझी आहे असं तरी नाही ना लिहिलंय?"

"नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि पुढच्या थांब्यापर्यंत डोळे मिटून बसली.

सोमवारी सुपरवायझरनं दाखला पाहिला आणि तो गोंधळला. स्थूलपणा आला की कुठला शिक्का मारायचा ते त्याला पाठ होतं. 'अनिश्चित' पूर्वी कधी आलं नव्हतं. त्यानं नियमावली काढली, धूळ झटकली आणि शेवटच्या पानावर, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, त्याला एक पोटकलम सापडलं : कारण अनिश्चित असल्यास, ते निश्चित होईपर्यंत कर्मचाऱ्यास बसण्याची सोय द्यावी. ते कलम बावीस वर्षांत एकदाही वापरलं गेलं नव्हतं, कारण बावीस वर्षांत डॉक्टरांना कशाबद्दलच शंका आली नव्हती.

बुधवारी खुर्ची आली. उंच, पाठीची, पाय टेकायला खाली दांडी असलेली.

गुरुवारी ठकी चौदा जणींना त्यांच्या रक्ताचे अहवाल द्यायला गेली, तेव्हा त्या खुर्चीवर ठेंगणी बसली होती. आई शेजारी उभी राहून काडीबरोबर चादर झटकत होती.

"आई, ती खुर्ची तुझ्या नावावर मंजूर झालीय."

"हो की. माझ्याच नावावर आहे. पाळी सात तासांची, चौदा जणी, अर्धा अर्धा तास. बरोबर बसतं." आईनं काठाला काठ लावला. "एकटीच बसले असते तर ओळीत किती वाईट दिसलं असतं."

ठकीनं अहवाल वाटले. सुपरवायझर दुसरीकडे बघत होता. खुर्ची रिकामी नाही एवढं त्याला पुरेसं होतं.

"निश्चित होईपर्यंत, असं लिहिलंय त्या कलमात," काडी चादर झटकत म्हणाली. "किती दिवस लागतील गं निश्चित व्हायला?"

"जगभर लोक शोधतायत. खूप वर्षं लागतील."

"मग तू घाई करू नकोस," आई म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला. ठेंगणी उतरली आणि आई चढून बसली. तिनं पाठ टेकली, दांडीवर पाय ठेवले आणि हात मांडीवर उताणे टाकले, जणू ते कुणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिले होते. प्रकल्प संपला होता, गुण लागायचे होते, आलेखात आता काही घालायचं नव्हतं. तरी ठकीनं पिशवीतून एक उरलेला कागद काढला.

"किती?"

आईनं बोटं मिटून पाहिली, उघडून पाहिली. ठकी पेन्सिल धरून थांबली.

"पाच," आई म्हणाली.

ठकी तिच्याकडे बघत राहिली.

"बघू नकोस तशी. खरे पाच." आईनं उजव्या हाताची करंगळी पुन्हा एकदा वाकवली आणि अंमळ विचार केला. "सवापाच."

कागदावर पाचानंतर सहा होते. मध्ये काही नव्हतं. ठकीनं मधल्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं एक बारीक उभी रेघ काढली, पाचाच्या जरा पुढे, आणि तिच्याभोवती गोल केला.